घरात बंद केलेलं नाव

माझ्या धाकट्या भावाला दोन नावं आहेत. एक बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं, देवाचं. दुसरं तो ऐन सत्ताविशीत असताना आईनं ठेवलेलं, दगडाचं. दोन्ही मी इथे लिहिणार नाही. दुसरं ऐकून लोकांना हसू येतं. आणि पहिलं आमच्या घरात चाळीसेक वर्षं कुणी तोंडातून काढलेलं नव्हतं. ते कागदावर उतरवून मोकळं होणं मला बरं वाटत नाही.

नात्यागोत्यात याची एक गोष्ट सांगतात. अपघातात पोराच्या डोक्याला मार लागला, डॉक्टरांनी वाचवला, पण म्हातारीनं अडाणीपणानं त्याचं नाव बंद केलं आणि म्हणून तो कधी पुरता माघारी आला नाही. लग्नकार्यात, पंगतीत ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली आहे. ऐकून मान हलवली आहे. यंदा आईच्या श्राद्धाला बहीण सांगलीहून आली होती. खीर वाढता वाढता ती माझ्या सुनेला म्हणाली, "आमची आई लय मायाळू गं. पण त्या एका खुळापायी माझा भाऊ गेला बघ."

भाऊ माझ्या शेजारच्या पाटावर बसून खीरच खात होता. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "लय झ्याक झालीया."

माझा घास हातातच राहिला.

नाव आईनं बंद केलं, हे खरं. पण ते बंद ठेवलं मी. आई तर ते उघडायला बघत होती. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, मीही पंचाहत्तरी ओलांडली. माझ्यामागे ही गोष्ट आहे तशीच चालत राहिली असती, म्हणून लिहितो.

आमचं गाव वाईच्या अलीकडे, कृष्णेकाठी. भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला की दोन दिवस घरी राहायचं आणि मग मोटरसायकल काढून बहिणीकडे सांगलीला जायचं, हा त्याचा ठरलेला बेत. त्या वर्षी उसाचा हंगाम जोरात होता. सांगलीच्या अलीकडे रस्त्याकडेला चाक पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, लाल फडकं नाही. तिन्हीसांजेला तो सरळ त्या उसात घुसला.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो. निरोप मिळाला तसा सांगलीला पोचलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे, कवटीचा एक तुकडा काढून बाजूला ठेवावा लागेल, म्हणजे सुजेला जागा मिळेल. सही करा. मी केली. ऑपरेशन झालं. भाऊ जिवंत राहिला, पण डोळे उघडेना.

रोज सकाळी थोडा वेळ आत सोडत. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "त्याला हाक मारत राहा. घरात ज्या नावानं मारत असाल त्याच नावानं. ऐकतोय असं धरून चाला." मी कानाशी वाकून हाक मारायचो. वर्गात हजेरी घेतल्यासारखा आवाज यायचा माझा, मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. बरेच दिवस काही झालं नाही. मग एके दिवशी हाक मारली आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरली. उशाच्या यंत्रावरची रेघ भरभर धावायला लागली. नर्स म्हणाली, "मास्तर, परत मारा." मी परत मारली. त्याच्या हाताची बोटं वळली आणि त्यांनी चादर धरली. झोपेत धरतात तशी नव्हे. बुडणारा माणूस काठाचं गवत धरतो तशी.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी एक पाऊल मागे सरलो. विहिरीच्या कठड्यावरून सहज आत हाक मारावी आणि खालून कुणी ओ द्यावी, तसं वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांत ताप चढला. जखमेत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या.

आई गावी होती. तिला निरोप गेला तेव्हा ती रडली नाही, असं शेजारची काकू नंतर सांगायची. ती उठली, भावाचा फौजेतला हिरवा सदरा खुंटीवरून काढला आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन टाकला. आमच्याकडे पूर्वी ज्या घरात मुलं जगत नसत तिथे असं करत. मूल उकिरड्यावर ठेवायचं, दुसरीनं ते उचलायचं आणि आईनं धान्य देऊन विकत घ्यायचं. मग त्याला दगडधोंड्याचं नाहीतर केरकचऱ्याचं नाव ठेवायचं. न्यायला येणारा नाव विचारत येतो, त्याला त्या नावाचं कुणी सापडू नये आणि जे आहे ते नेण्याजोगं वाटू नये. तान्ह्या मुलाचं करायचं ते आईनं मिशीवाल्या जवानाचं केलं.

काकूनं सदरा सुपात घेतला आणि पुढच्या दारानं आली. "आवं बाई, उकिरड्यावर ह्ये घावलंय. कुणाचंच न्हाई. तुमाला पायजे का?"

"दगड दिसतूय," आई म्हणाली. "द्या. पायरीला तरी हुईल."

सूपभर ज्वारी देऊन तिनं सदरा घेतला आणि पहिल्या एसटीनं सांगलीला आली. भावाच्या कानात तिनं नवं नाव सांगितलं. आम्हाला ताकीद दिली की सव्वा महिना जुनं नाव कुणी घ्यायचं नाही, मनातसुद्धा नाही. त्या संध्याकाळी ताप उतरायला लागला. औषध बदललं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी जुनं नाव घेतलं नाही.

आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा तो उठून बसत होता, धरलं तर चालत होता. कवटीचा तुकडा पुन्हा बसवता आला नव्हता. डाव्या कानाच्या वर कातडीखाली मऊ खळगा होता आणि तो श्वासासारखा वर-खाली व्हायचा. तान्ह्या बाळाची टाळू उडते तशी. सहा फुटी माणसाची टाळू उडताना बघितलेलं फार थोडे लोक असतील. जखम पुरती भरल्यावर आई रोज त्यावर हलक्या हातानं तेल जिरवायची. "टाळू भरून येती बघ," म्हणायची.

जो घरी आला होता तो फार शांत होता. माझा भाऊ घरात शिरला की भांडी वाजायची, कुत्रं भुंकायचं, कुणाची ना कुणाची थट्टा व्हायची. हा भिंतीला धरून बसायचा, दिलं ते खायचा. मला त्यानं कधी दादा म्हटलं नाही. गावातले लोक म्हणतात तसं मास्तर म्हणायचा. "आवं मास्तर, वाईच पाणी मिळंल का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठाशेजारी बसून. आईला "बाई" म्हणायचा. नव्या नावानं हाक मारली की लगेच "जी" म्हणून उठायचा. गडीमाणूस उठतो तसा.

सव्वा महिना झाला. त्या सकाळी आईनं त्याला न्हाऊ घातलं, सोप्यात बसवलं, कुंकू लावलं, समोर बसली आणि जुन्या नावानं हाक मारली. नुसतं नाव नाही, लहानपणी त्याचं टोक तोडून ती लाडानं म्हणायची, तसं.

पहिल्यांदा काही झालं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग त्याच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. मी समोर उभा होतो, मला ते नीट दिसलं. चेहरा तोच होता, पण त्याच्या मागून कुणीतरी वर येत होतं. कपाळावर घाम आला. खळगा भराभर उडायला लागला. त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "दादा?"

तो त्याचा आवाज होता.

मग त्याचा हात डोक्याकडे गेला. बोटं खळग्यात गेली. तो थांबला. पुन्हा चाचपलं. आणि तो ओरडला. माणूस असा ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. त्यानं समोरचा तांब्या भिरकावला, माझी कॉलर धरली, मला भिंतीवर आदळलं आणि तोंडाशी तोंड आणून विचारलं, "मला कशाला वाचीवलं? कशाला वाचीवलं रं दादा?"

सही मी केली होती. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझी बायको मुलांना घेऊन शेजारी गेली. मी त्याला धरून नाव बदलून हाक मारायला लागलो, त्या दगडाच्या नावानं, पुन्हा पुन्हा. आईनं माझा हात धरला. "वरडू दे त्याला. जल्मला तवाबी असाच वरडला हुता."

हळूहळू तो दमला. डोळ्यातला माणूस खाली खाली गेला. जो उरला त्यानं आपल्या हाताकडे बघून विचारलं, "मास्तर, माजा हात कशानं दुखतुया?"

पुढच्या तपासणीला मी त्याला सांगलीला नेलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिंतेत पडतील. ते उलट खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "मास्तर, हे चांगलं लक्षण आहे. त्याला आपलं काय झालंय ते कळतंय. त्रास होणार, त्यालाही आणि तुम्हालाही. वर्षभरसुद्धा होईल. किती सुधारेल ते मी सांगू शकत नाही. पण थांबू नका. हाक मारत राहा."

परतीच्या एसटीत भाऊ खिडकीशी बसून झाडं बघत होता. कऱ्हाडला मी त्याला भजी घेऊन दिली. तो "उपकार झालं मास्तर" म्हणाला. गाव येईपर्यंत मी काय ठरवतोय हे मला पुरतं कळत होतं.

आई दारातच उभी होती. "काय म्हणालं डाक्टर?"

"म्हणाले, नाव घेऊ नका. डोक्यात रक्त उतरेल."

"आसं म्हणालं?"

"व्हय."

आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, म्हणून तिनं विश्वास ठेवला. या लेखात मला जे सांगायचं होतं त्यातलं मुख्य एवढंच आहे. डॉक्टर हाक मारा म्हणाले होते. मी घरी येऊन उलट सांगितलं.

का, तेही लिहितो. दुसऱ्या दिवशी माझी शाळा होती, घरात दोन लहान मुलं होती, बायको घाबरली होती. ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. शांत होता तो मला काही विचारत नव्हता. जो वर यायचा तो एकच प्रश्न विचारायचा, आणि तो माझ्याकडे बघून विचारायचा.

आईनं काही दिवस पाळलं. मग एकदा मी शाळेतून लवकर आलो तर गोठ्यातून दबलेला आवाज आला. आत गेलो. आईनं त्याला कडब्याच्या गंजीआड बसवलं होतं, त्याचं तोंड आपल्या पदरात घट्ट धरलं होतं आणि कानात कुजबुजत होती. तेच नाव. तो पदरात ओरडत होता. पदर ओला झाला होता. ती घराबाहेर आवाज जाऊ नये म्हणून असं करत होती, आणि बऱ्याच दिवसांपासून करत असावी, कारण तो ओरडता ओरडता मधेच "आई, आई" म्हणत होता आणि तिच्या हाताला धरून होता. बाई नाही. आई.

मी म्हणालो, "त्याला मारायचंय का तुला?"

"मला जित्ता पायजे," ती म्हणाली.

"जिवंत आहेच की तो."

"ह्यो? ह्यो पावना हाय. चांगला हाय, गरीब हाय. पन ह्यो पावना हाय रं."

त्या आठवड्यात मी तिला सांगलीला बहिणीकडे नेऊन सोडलं. वाईच्या स्टँडवर ती पिशवी पायाशी ठेवून बसली होती. गाडी लागली तेव्हा पिशवी उचलता उचलता म्हणाली, "तुला त्यो नकोच हाय. तुला गप बसणारा पायजे." मी तिकिटाच्या रांगेकडे बघितल्यासारखं केलं.

मुलगा असताना आई मुलीच्या घरी राहते, म्हटल्यावर लोक विचारायचे. मी सांगायचो, तिनंच नाव बंद केलंय, आता तिलाच ते बघवत नाही. आणि आईनं बहिणीला काय सांगितलं असेल? तेच. "मलाच सोसवत न्हाई गं." मी खोटं बोललो, हे तिच्या कधी ध्यानात आलं असेल का, मला माहीत नाही. आलं असेल असं वाटतं. दोघांतला एक लेक दुसऱ्याला सांभाळत होता. त्याचं नाव खराब करून तिला चाललं नसतं.

त्यानंतर घर शांत झालं. अशा शांततेची सवय होते. पण भावाचं जुनं नाव देवाचं, आणि देवाचं नाव गावात कुठे बंद करणार? सप्ताह बसला की मी खिडक्या लावून घ्यायचो. देवळातल्या आरतीत ते नाव दोनदा यायचं, म्हणून आरतीच्या वेळी त्याला घेऊन नदीवर जायचो. एकदा रस्त्यात भाजीवाल्यानं आपल्या साथीदाराला त्याच नावानं हाक मारली. भाऊ चालता चालता थांबला, कान टवकारलेल्या जनावरासारखा. खळगा उडायला लागला. मी त्याचा दंड धरून दुसऱ्या नावानं बोलत बोलत त्याला घरी आणलं. त्या भाजीवाल्याला मी पुन्हा आमच्या गल्लीत येऊ दिलं नाही.

लोक माझं कौतुक करायचे. भावाला फुलासारखं जपलंय मास्तरांनी.

दोन-तीन वर्षांनी त्याचं ते बोलणं सुरू झालं. एकदा जेवताना म्हणाला, "मास्तर, मागल्या दाराला कोन हुबं हाय?"

मी जाऊन बघितलं. कुणी नव्हतं.

"हाय," तो म्हणाला. "माज्याएवढाच हाय. आत या म्हनलं तर येत न्हाई."

"का येत नाही?"

"कुनी बलवत न्हाई म्हनतोय."

हे सांगताना तो घाबरलेला नसायचा. शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचा. कधी भाकरीचा तुकडा मागच्या उंबऱ्यावर ठेवायचा. पावसात म्हणायचा, "भिजतोय बिचारा." माझी बायको एकदा चिडून म्हणाली, "आवो, भावजींना सांगा काहीतरी, मला मागं भांडी घासायला भ्या वाटतंय." पुढे साताऱ्याच्या एका डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, अशा जखमेनंतर माणूस मनातलं बाहेर बघतो, होतं असं. मला बरं वाटलं. पण मी स्वतःही मागचं दार अंधार पडल्यावर उघडेनासा झालो होतो, हे त्यांना सांगितलं नाही.

आई गेली तेव्हा त्याला सांगलीला घेऊन गेलो. बहीण म्हणाली, शेवटचे दोन दिवस आई भिंतीकडे तोंड करून एकच शब्द पुटपुटत होती. तो कोणता हे तिनं सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. भावानं आईकडे बघितलं, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "ह्या बाई कोन हुत्या?" सगळे रडायला लागले. त्या क्षणी मी एक हाक मारली असती तर तो आपल्या आईला ओळखून रडला असता. मी मारली नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, तो ओरडला असता, कार्य खोळंबलं असतं. असा विचार मी केला.

वर्षं गेली. त्याचे केस पांढरे झाले, दात पडले. अशा दुखापतीनंतर माणूस फार दिवस काढत नाही असं सुरुवातीला लोक म्हणायचे. त्यांतले बरेचसे आता नाहीत. माझी बायकोही गेली. तो आहे.

यंदाच्या श्राद्धानंतर बहीण सांगलीला परत गेली आणि मला अन्न गोड लागेना. शेवटी दुपारी फोन लावला. तिच्याकडे हळद दळायची गिरणी आहे, मागे घरघर चालू होती.

"काय रं दादा? भरदुपारी?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं. गोठ्यातलं. स्टँडवरचं. मग तिनं कुणालातरी ओरडून गिरणी बंद करायला सांगितली. घरघर थांबली.

"आईला मी काय काय बोलले रं," ती म्हणाली. "जेवणावरनं उठवलं व्हतं एकदा. तुझ्या खुळानं माझा भाऊ गेला म्हणून. ती खाली मान घालून बसली." मग म्हणाली, "तू तवा हितं आला व्हतास. पलीकडच्या खोलीत व्हतास तू."

"होतो."

"ऐकलंस."

"हो."

ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "कुठाय त्यो?"

"सोप्यात. शेंगा फोडतोय."

"जा. हाक मार. फोन तसाच धर, मला आयकायचंय."

"आता? या वयात? काही झालं त्याला तर?"

"चाळीस वरसं झाली, आजून काय व्हायचं ऱ्हायलंय रं? मार हाक. न्हाईतर मी गाडी करून येती आन् मारती."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि सोप्यात गेलो. तो भिंतीला टेकून शेंगा फोडत होता, दाणे ताटलीत, फोलं दुसरीकडे, व्यवस्थित. मला बघून जरा सरकला. "बसा मास्तर."

मी बसलो. नाव तोंडात आलं आणि तिथेच थांबलं. मला ते उच्चारताच येईना. चाळीस वर्षं देवळाच्या दारातही मी ते गिळत आलो होतो. फोनमधून बहिणीचा श्वास ऐकू येत होता. मी डोळे मिटले आणि हाक मारली. मास्तरच्या आवाजात नाही. आई तोडायची तसं, टोक तोडून.

शेंग फुटल्याचा आवाज आला. मग नाही आला.

मी डोळे उघडले. तो माझ्याकडे बघत होता. त्या पांढऱ्या भुवयांखालून, त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यातून जो बघत होता तो तरुण होता. दुसरा शब्द मला सापडत नाही. सत्तावीस वर्षांचा माणूस घाटातून वर आल्यासारखा धापा टाकत मला बघत होता, आणि त्याला मी ओळखू येत नव्हतो. त्यानं माझं टक्कल बघितलं, हातातली काठी बघितली.

"दादा?" तो म्हणाला. "तुला रं काय झालं? म्हातारा कशानं झालास?"

मग त्यानं आपले हात बघितले. उलटे, सुलटे. एक बोट दुसऱ्या मनगटावरच्या शिरेवरून फिरवलं.

तो ओरडला. पण पूर्वीसारखं नाही. छातीत तेवढा जोर उरला नव्हता, बारीक, तुटका आवाज निघाला, दूर शेतातून आल्यासारखा. फोनमधून बहीण त्याला त्याच्या नावानं हाका मारत होती, रडत होती, "मी हाय रं, आक्का हाय, आक्का." मी त्याला धरलं. दुसऱ्या नावानं बोलावलं नाही. तो माझ्या छातीवर मुठी मारत राहिला आणि मी बसून राहिलो.

दमल्यावर त्यानं विचारलं, "आई कुठाय?"

मी सांगितलं. आई गेली, हे. सांगलीला गेली, हे. तिला तिथे मी नेऊन सोडलं आणि का, हेही. तो ऐकत होता की नाही, सांगता येत नाही. बघता बघता डोळे निवले. ताटलीतले दाणे खाली सांडले होते, ते तो एकेक वेचायला लागला.

"मास्तर," तो म्हणाला, "लय पसारा झाला ओ."

फोन अजून चालूच होता. बहिणीनं विचारलं, "गेला?"

"गेला."

"उद्या परत मार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मारतो. रोज सकाळी, त्याचा चहा व्हायच्या आधी. पुष्कळदा कुणी येत नाही. कधी येतो. आला की तो पुन्हा सत्तावीस वर्षांचा असतो, पुन्हा माझं टक्कल बघतो, पुन्हा आई कुठाय विचारतो, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. आदल्या वेळचं त्याच्याजवळ काही राहत नाही. शेजारचे तक्रार करतात, म्हातारपणी कशाला छळताय त्याला. सून म्हणते, बाबा, डॉक्टरांना तरी विचारा. विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता फार काही होईल असं नाही, पण तुम्हाला जमत असेल तर हरकत नाही. मला जमतं असं नाही. सुरुवातीला वाटायचं, त्याला सांगून सांगून माझं मन हलकं होईल. तसं होत नाही, कारण ऐकणारा दर वेळी नवा असतो आणि आई त्याच्यासाठी दर वेळी त्याच सकाळी मरते.

परवा असाच येऊन गेला. फार रडला. नंतर मी खांबाला टेकून डोळे पुसत होतो. भाऊ शांत बसला होता. जरा वेळानं तो माझ्याजवळ सरकला आणि आवाज खाली करून, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असा, म्हणाला, "मास्तर, एक सांगू? राग मानू नगासा."

"सांग."

"त्यो मानूस लांबनं येतूय. तुमी त्याला आल्या आल्या सांगताय." त्यानं स्वतःचा कप उचलून माझ्यासमोर ठेवला. "आदी त्याला च्या देत जावा. मग सांगा."